काळी चिकटपट्टी

"डावा हात खाली सोड. एकट्या उजव्यानं धर," व्हर्लिन म्हणाला.

लुएलानं कॅमेरा उजव्या हातात उचलला, डोळ्याला लावला आणि थेट काउंटरपलीकडच्या पोरीवर रोखला. मनगट आधी नीट होतं, मग लटपटायला लागलं.

"जड आहे," म्हणत तिनं तो खाली ठेवला. "वीट दिलीय का हातात?"

"हा जडच आहे आजी, मी म्हटलेलं आजोबांना," पोरगी म्हणाली. तिच्या छातीवर शायला नावाचा बिल्ला होता आणि तोंडात च्युइंगगम. "लग्नाबिग्नाचे फोटो काढणारे घेतात तो. तुम्ही हा बघा. नवशिक्यांचा आहे, पण काम करतो. वरचं सगळं प्लास्टिक, म्हणून हलका."

लुएलानं तो उचलला. उचलला आणि हसली. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात नुसता लोंबत होता, आणि ती तर पहिल्यापासून डावरी. त्या हातानं तिनं अख्ख्या गावाच्या लग्नांचे केक सजवले होते. आता वर्षभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून होती. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, आज नको. त्या खिडकीतून तिला बाहेर काढायचं म्हणून तर तिचा नवरा व्हर्लिन हे कॅमेऱ्याचं खूळ घेऊन कर्नी शहरातल्या दुकानात आला होता.

"दोन लेन्स येतात याच्यासोबत," शायला म्हणाली. "ही बुटकी घरातल्यासाठी. नातवंडं, केक, असलं काही."

"केक नाही," लुएला म्हणाली.

"बरं. मग ही लांबडी. ही पक्ष्यांसाठी. जास्त वजन नाही हिचं. बटण दाबलं की आतला आरसा वर जातो, तेवढ्यात डोळ्यापुढे काळं होतं. घाबरायचं नाही. आणि ही वरची चकती हिरव्या खुणेवर ठेवायची. मग तुम्हाला काही बघायला नको, सगळं तो बघतो. फक्त एक आहे, अंधारात हिरव्यावर असला ना, तर तो..."

"माहितीय गं," व्हर्लिन मधेच म्हणाला. "मी असले शेकड्यानं हाताळलेत. नदीवर वाटाड्या आहे मी. क्रौंच पक्षी बघायला लपून बसतात, त्या लपणात."

शायलानं च्युइंगगम या गालातून त्या गालात नेलं आणि खोका बांधायला घेतला. आपल्याला काय, सांगू नको म्हणाला तर नाही सांगायचं.

हाताळले होते हे खरं होतं. पण बाहेरून. एकाही कॅमेऱ्याला त्यानं कधी डोळा लावला नव्हता.

व्हर्लिन ह्रुस्का म्हणजे कुणाच्या लक्षात राहील असा माणूसच नव्हे. सगळा जन्म काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, फिरवलं. रस्ता गुळगुळीत असला की कुणी नाव घेत नाही, खड्डा पडला की मात्र लोक घरी फोन करतात. निवृत्त झाल्यावर तो प्लॅट नदीवर फुकट वाटाड्याचं काम करायला लागला. तिथं त्याला एक बिनबाह्यांचं खाकी जाकीट मिळालं, पाठीवर क्रौंचाचं चित्र असलेलं. ते घातलं की गावोगावची शिकलेली, पैसेवाली माणसं त्याच्यामागून शाळेतल्या पोरांसारखी रांगेत चालायची. हे त्याला आवडायचं. आवडायचं असं तो कधी म्हणाला नाही, पण लुएलाकडून ते जाकीट त्याला दर आठवड्याला इस्त्री करून लागायचं.

मार्चमध्ये क्रौंच उतरतात. दिवसभर मक्याच्या रानात दाणे टिपतात आणि रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. ते उठताना बघायचं तर उजाडायच्या आधी, काळोखात, एकामागोमाग चालत फळ्यांच्या लपणात जाऊन बसायचं. बोलायचं नाही. खोकला आला तर बाहीत. आणि उजेड अजिबात नाही. एक दिवा लागला की सगळी नदी भेदरून उडते, परत येत नाही. म्हणून दारात व्हर्लिन उभा असायचा, हातात काळ्या चिकटपट्टीचं रीळ घेऊन. प्रत्येकाच्या कॅमेऱ्याची बारका दिवा, फ्लॅश, जे काही चमकेल त्याच्यावर पट्टी. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "घरी जाऊन सोला."

लुएलाला पहिल्यांदा नेलं त्या दिवशीही त्यानं सगळ्यांना पट्ट्या लावल्या. शेवटी लुएला राहिली, त्याच्याच कोपराला धरून उभी. बॅटरी गारठू नये म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून कोटाच्या आत पोटाशी घेतलेला. व्हर्लिनचा हात रिळाकडे गेला आणि थांबला. हा तर आपणच निवडून आणलेला. आपल्याच टेबलावर होता, आपणच चकती हिरव्यावर ठेवली. घरच्या माणसाची झडती कोण घेतं?

आत सगळे आपापल्या झरोक्याला तोंड लावून उभे राहिले. लुएलाच्या मागे व्हर्लिन, तिच्या कोपराखाली आपला तळवा धरून. समोर काळं पाणी आणि त्यात त्याहून काळे ठिपके. हजारो. मधूनच एखादा घशात गुळणी धरल्यासारखा बोलायचा आणि गप्प व्हायचा. लुएला त्याच्या हातावर रेलली होती. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या अंगाला स्वयंपाकघराचा वास नव्हता.

तिनं बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं झाकण टुणकन वर आलं, बेडूक उडी मारतो तसं, आणि पांढराफटक उजेड पडला.

मग आवाज आला. वळवाच्या गारा कौलांवर कोसळाव्यात तसा, पण पाण्यातून वर जाणारा. लपणाच्या फळ्या थरथरल्या. सगळी नदी उठली, डोक्यावरून किंचाळत गेली आणि पाणी रिकामं झालं.

"कोण ते?" अंधारात एक बाई कुजबुजली. "कोण आहे तो मूर्ख?"

व्हर्लिनला माहीत होतं. त्यानं झाकण उडताना डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, सगळ्यांची तोंडं बाहेर होती. त्याचा हात आपोआप वर गेला, त्यानं ते झाकण दाबून बसवलं. आणि मग, का ते त्याला त्या क्षणी कळलं नाही, तो दोन पावलं बाजूला सरकला. तिथं एक तरणाबांड माणूस उभा होता, कानात बाळी, तिपाईवर हातभर लेन्स. व्हर्लिननं त्याच्या लेन्सवर पंजा ठेवला.

"आवर तुझं," तो म्हणाला. "पिशवीत टाक."

"काका, मी नाही केलं."

"आवर म्हटलं ना."

जाकीट अंगात होतं. माणसं जाकिटावर विश्वास ठेवतात. त्या पोराकडे सगळ्यांनी असं बघितलं की त्यानं पुढं तोंडच उघडलं नाही. गुडघ्यावर बसून त्यानं तिपाई मिटली. अंधारात तिच्या खिट्ट्यांचा आवाज फार मोठा वाटला.

उजाडलं तेव्हा नदीवर एक बदकसुद्धा नव्हतं.

ट्रकमध्ये हीटर लावून लुएला कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत बसली. गाल लाल झाले होते. "काय माणसं असतात," ती म्हणाली. "एवढ्या लांब येतात आणि साधा नियम पाळवत नाही. त्याचा तो उजेड पडला ना, मला कळलंच नाही आधी. नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं होतं, डोळ्यापुढे काळं. आवाज आला तेव्हा दचकले."

"हं."

"बरं केलंस त्याला झापलंस ते." तिनं कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "पण माझं हे काय आलंय बघ. नुसतं लाकूड."

फोटोत झरोक्याची चौकट होती, पांढरीशुभ्र, फळीवरचा खिळा न् खिळा मोजता येईल अशी. पलीकडे काळोख.

"चुकलं का माझं काही?"

ती विचारत होती ते खरंच विचारत होती. हो म्हटलं असतं तर ती काही बोलली नसती. कॅमेरा खोक्यात गेला असता, खोका कपाटात, आणि ती खिडकीत.

"थंडीनं होतं तसं," व्हर्लिन म्हणाला. "बस तू. मी सही करून येतो."

ऑफिसात मर्ना होती, सगळ्या वाटाड्यांची मुकादम, ठसक्याची बाई. तिच्यापुढे तो बाळीवाला उभा होता. नियम सोपा होता, ज्यानं दिवा लावला त्याला या हंगामात पुन्हा प्रवेश नाही.

"मर्ना, तो नव्हता," व्हर्लिन म्हणाला.

"मग कोण होता?"

"माझा कॅमेरा होता."

"तुझ्याकडे कधीपासून कॅमेरा?" मर्नानं विचारलं आणि बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर ट्रककडे गेली. लुएला आत बसून कॅमेऱ्यावर फुंकर मारत होती, कोटाच्या बाहीनं काच पुसत होती. मर्ना हळूच म्हणाली, "जाऊ दे व्हर्लिन. आजारातून उठलीय ती. मी याला उद्याची जागा देते, मिटवून टाकू."

"उद्या मला कामावर जायचंय," बाळीवाला म्हणाला. "आयोवाला. रात्रभर गाडी चालवून आलो होतो." तो व्हर्लिनकडे वळला. रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखा. "तुम्हाला माहीत होतं, मग माझ्यावर हात का टाकलात?"

"तू जवळ होतास," व्हर्लिन म्हणाला. म्हणाला आणि त्यालाच ते खोटं वाटलं. जमिनीकडे बघत तो पुन्हा म्हणाला, "नाही. जवळ ती होती. तू परका होतास म्हणून."

त्या माणसानं मान हलवली. माफ केलं असंही म्हणाला नाही, शिवीही दिली नाही. तिपाई खांद्याला लावली आणि निघून गेला. गेलेली सकाळ त्याला कुणी देऊ शकत नव्हतं. मर्ना नाही, व्हर्लिन तर नाहीच.

व्हर्लिननं जाकीट काढलं. घडी घातली, पाठीवरचा पक्षी वर येईल अशी, आणि टेबलावर ठेवलं.

"अरे, एवढं काय," मर्ना म्हणाली. "कुणी मागितलंय का तुझ्याकडे?"

"पट्टी लावायचं काम माझं होतं."

ती आणखी काही म्हणाली, त्यानं ऐकलं नाही. दारातून मात्र तो परत आला, जाकिटाच्या खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि पँटच्या खिशात घातलं.

घरी दुपारी चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचा गोड रोल झाला, लुएलानं एका हातानं गरम केलेला. ती भांडी विसळत असताना त्यानं कॅमेऱ्याच्या झाकणावर पट्टी लावली. चकती फिरवून फिरवून बघितली. एका खुणेवर फ्लॅशचं चित्र होतं आणि त्याच्यावर आडवी काट मारलेली. एवढं सोपं होतं. दुकानातली पोरगी हेच सांगत होती.

"काय करतोस रे?"

"धूळ जाते आत. म्हणून."

संध्याकाळी ते गावाबाहेरच्या जुन्या पुलावर गेले. तिथं कुणालाही उभं राहता येतं, वाटाड्या लागत नाही, पट्टी कुणी तपासत नाही. क्रौंच येतात पण लांब उतरतात, माशीएवढे दिसतात. बाकीचे लोक कुडकुडत थर्मासातली कॉफी पीत होते. व्हर्लिन कठड्याशी उभा राहिला. हात सारखा छातीकडे जायचा, जिथं जाकिटाचा खिसा असायचा, आणि स्वेटरवर आपटून खाली यायचा.

लुएलानं ते पाहिलं.

"जाकीट कुठाय तुझं?"

"धुवायला टाकलंय."

गेली कित्येक वर्षं ते जाकीट तीच धुवायची. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. नदीवर पहिला थवा उतरत होता. तिनं तिकडे मानही वळवली नाही.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश वाळू दे."

तिनं उजव्या हातानं कॅमेरा उचलला. मनगट लटपटायला लागलं. व्हर्लिन सवयीनं तिच्या कोपराखाली हात द्यायला सरकला.

"तू तिथंच थांब," ती म्हणाली. "इकडे बघ."

"माझा कशाला? अंधार झालाय, काही येणार नाही."

"येईल तेवढं येईल."

तो थांबला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते दोन्ही बाजूंना नुसते सोडून दिले, आणि ती बटण दाबेपर्यंत तसाच उभा राहिला.