स्पर्शगुरूंचे तांब्याचे कडे

शिवणकारखान्याच्या कटिंगच्या खोलीत त्या सकाळी एकही कात्री चालली नव्हती. मशीनवरच्या बाया, इस्त्रीवाला, हिशेबनीस, सगळे एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने उभे होते आणि लॅपटॉपसमोर डोळे मिटून बसले होते स्पर्शगुरू.

"यंत्राला माणसाचा हात कळतो," गुरू म्हणाले. "हातात दोष असेल, तर ते जुमानत नाही."

महिन्याभरापूर्वी मालकांनी कागदावरचे पॅटर्न बंद केले, जुने लॅपटॉप आणले आणि त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. बाही, गळा, घेर सगळे आता पडद्यावर आखायचे. हिशेबनिसाने टचपॅडवर बोट फिरवले की बाण सुळकन पळे; कटिंगवाल्या बाया कामाला बसल्या की तोच बाण मध्येच खिळून बसे. मालक हैराण झाले आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून गुरूंना घेऊन आले. गुरू हात शुद्ध करून देत. तरीही काम अडले, तर दोष खोलवरचा. अशी बाई पॅकिंगला. दोघी आधीच खाली खोकी चिकटवत होत्या.

आता पाळी काजवालीची होती; काजे करणाऱ्या तिलाही आता पडद्यावर आखायला बसवायचे होते.

"डाव्या हाताने कीबोर्डवर स्वतःचं नाव लिहीत राहा," गुरूंनी बजावले. "थांबलात की परीक्षा फुकट. उजव्या बोटाने बाण हलवा."

काजवाली नाव लिहीत राहिली, दुसऱ्या हाताचे बोट घासत राहिली. बाण ढिम्म. गुरूंनी खेदाने मान हलवली, तिच्या मनगटात तांब्याचे कडे चढवले.

"आता डावा हात छातीवर. श्वास घ्या. बोट उचला, पुन्हा टेकवा."

बाण धावला. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. काजवालीच्या डोळ्यांत पाणी आले.

टाळी वाजवली नाही ती फक्त मावशींनी. बावीस वर्षे त्या या टेबलावर कापड बेतत होत्या आणि पुढचे नाव त्यांचे होते. सगळे बाणाकडे पाहत असताना त्या काजवालीचे हात पाहत होत्या. अंगात न बसणारा सदरा मावशी कधी एकदम सगळा उसवत नसत. एक शिवण उसवायची, घालून बघायचे, मग दुसरी. नाहीतर बिघाड नेमका कुठे होता ते कळत नाही. इथे तर महाराजांनी एका झटक्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. कडे घातले आणि डावा हात कीबोर्डवरून उचलायला लावला.

मावशी खुर्चीत बसल्या. नाव लिहू लागल्या, बाण हलेना. "अरेरे," म्हणत गुरूंनी कडे पुढे केले. मावशींनी ते घातले आणि नाव लिहिणे चालूच ठेवले.

"बाई, डावा हात छातीवर!"

"थांबा हो महाराज. आधी नुसतं कडं काय करतं ते बघू दे."

कड्याने काहीच केले नाही. मावशींनी ते काढून टेबलावर ठेवले, डावा हात कमरेवर घेतला, बोट उचलून पुन्हा टेकवले. बाण भरभर पडदाभर फिरला.

"कडं टेबलावर, आणि हात झाला शुद्ध!" इस्त्रीवाला म्हणाला. कुणीतरी फिसकन हसले.

"आता तुम्ही बसा," मावशी म्हणाल्या. "नाव लिहीत लिहीत बाण हलवून दाखवा."

"माझी परीक्षा? इथे अश्रद्धेची छाया पडली आहे!"

"मग खिडकी उघडते. पण बसा."

मालकही म्हणाले, "बसा की महाराज, एकदाच." नाइलाजाने गुरू बसले. त्यांनी नाव लिहायला घेतले आणि बाण त्यांच्यापुढेही खिळून राहिला.

हिशेबनिसाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, सेटिंग्जमध्ये माऊस आणि टचपॅडचे पान उघडले आणि एक ओळ मोठ्याने वाचली: "टाइप करताना टचपॅड बंद ठेवा." त्या ओळीसमोरचे बटण चालू होते.

"लिहिताना तळहात चुकून लागला तर बाण भरकटू नये, म्हणून आहे हे," तो ओशाळून म्हणाला. "मी एका वेळी एकच हात चालवतो. मला कधी जाणवलंच नाही."

"आणि आमचा जन्म गेला डाव्या हातात टेप आणि उजव्यात खडू धरून," मावशी म्हणाल्या. "इथेही तेच करतो. डाव्या हाताने माप टाकायचं, उजव्याने रेघ ओढायची."

त्यांनी बटण बंद केले. दोन्ही हात एकदम चालले आणि पडद्यावर बाहीची गोलाई उमटली. गुरूंचा चेहरा पडला. दोन हातांनी काम करणारी माणसे कुठे अडणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

मालक खाली बघत म्हणाले, "मावशी, तुमचं टेबल तुमचंच. त्या दोघींना वर बोलवतो."

"बोलवा. आणि दोष त्यांच्या हातात नव्हता, हेही सगळ्यांसमोर सांगा."

मालकांनी तसे सांगितले. तरी आधी परीक्षा झालेल्या तिघी-चौघींनी मनगटातली गुरूंची कडी काढली नाहीत. असू दे, म्हणाल्या, त्रास तर होत नाही. मावशी त्यांच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी एकेकीला खुर्चीत बसवले, ते बटण दाखवले, चालू-बंद करायला लावले. नवे यंत्र आले की बावरायला होते, त्यात लाज कसली? पण न कळलेल्या बिघाडाचे खापर माणसाच्या हातावर फोडण्याआधी एक गोष्ट बदलून पाहावी, मग दुसरी. आणि जो आपली परीक्षा घेतो, त्यालाही त्याच खुर्चीत बसवावे.