तळहात खाजतायत

‘तक्रारताई’ हे नाव सिस्टरनीच ठेवलं होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या बाईला अशी नावं सहज सुचतात. आणि ही तर सकाळपासून सगळ्यांचं डोकं खात होती. उशी टोचते, पंखा कुरकुरतो, शेजारणीचा नवरा फार मोठ्यानं बोलतो.

तिची पाणमोट फुटून बारा तास उलटले, तसं बाळाला जंतुसंसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन सांगितलं.

“कधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय?” सिस्टरनी विचारलं.

“नाही. पहिल्या बाळंतपणात हेच घेतलं होतं.”

झालं तर मग! शरीर कधीकधी पहिल्या वेळी औषधाशी नुसतं वैर धरतं आणि दुसऱ्या वेळी सूड उगवतं, हे सिस्टरना तोंडपाठ होतं. पण ऐनवेळी आठवेल तर शपथ. त्यांनी शिरेतून औषध हळूहळू सोडायला सुरुवात केली.

“सिस्टर, तळहात खाजतायत.”

“घ्या! आता तळहात!” सिस्टर हसल्या. शेजारच्या खाटेवरचीही हसली. औषध जातच राहिलं.

“खरंच हो. तळपायही. मला काहीतरी होतंय, सिस्टर.”

आवाज घोगरा आला, म्हणून सिस्टरनी वर पाहिलं. ओठ सुजले होते, गळाभर लाल गांधी उठल्या होत्या. औषध बंद करून त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, मांडीत अ‍ॅड्रेनालिन टोचलं, तिला डाव्या कुशीवर वळवून ऑक्सिजन लावला. रक्तदाब लागेना. बाळाचे ठोके एकशे चाळीसवरून सत्तरवर आले.

“श्वास घे, बाई. घे गं!” एरवी वॉर्ड दणाणून सोडणाऱ्या सिस्टर तिच्या कानाशी वाकून विनवत होत्या.

डॉक्टरांनी दुसरं अ‍ॅड्रेनालिन दिलं. रक्तदाब वर सरकला, बाळाचे ठोके मात्र वाढेनात. पळतच तिला ऑपरेशनला नेलं. सिस्टर टेबलापाशी तिचा हात धरून उभ्या होत्या. बाळ निळसर निघालं, गप्प. मग एकदाचं रडलं, आणि सिस्टरही रडल्या.

दुसऱ्या दिवशी तक्रारताई उशीला टेकून बसली होती, कुशीत मुलगी.

“सिस्टर, डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच ओळखलंत म्हणून वाचलो आम्ही.”

सिस्टरना गप्प राहता आलं असतं.

“लगेच नाही. तू दोनदा सांगितलंस. पहिल्यांदा मी हसले.”

“माहितीये,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदाही हसला असतात, तर तिसऱ्यांदा मी सांगणार नव्हते.”