एक हिरवं दार आणि अकरा भाडेकरू

किल्लीबाबाच्या दारातली रांग तीन जिने उतरून रस्त्यावर आली होती. बाबा रोग बरे करत नव्हता, नोकऱ्याही देत नव्हता. तो त्याहून अवघड चमत्कार करायचा: परवडणाऱ्या भाड्यात वन बीएचके मिळवून द्यायचा!

रांगेत शिवणताई उभी होती. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी भाड्याची घरं बघायची, असे चार महिने तिने काढले होते. ती आणि तिची आई मामाकडे राहत. परवा मामी म्हणाली होती, "पहिल्या तारखेपासून ती खोली आम्हाला लागेल हं." तेव्हापासून आईचा घास घशाखाली उतरत नव्हता.

शिवणताईचा नंबर लागला. टेबलावर शहराचा नकाशा, त्यावर दोऱ्याला टांगलेली लोखंडी किल्ली, आणि पलीकडे गलेलठ्ठ बाबा.

"वन बीएचके म्हणजे काय, बाळ?" बाबा गरजला. "एक देह, एक मन आणि एक स्वयंपाकघर! तू घर शोधू नकोस. घर तुला शोधतंय. तू फक्त सापड!"

मागची गर्दी सद्गदित झाली. किल्ली झुलली, थरथरली आणि एका जागी खाडकन ओढल्यासारखी तिरकी थांबली. बाबा पुढे झुकून तिच्या कानात कुजबुजला, "जुन्या गोदामामागे, दुसरा मजला, हिरवं दार. आगाऊ भाडं पेटीत टाक. आणि सात दिवस कुणाशी चकार शब्द नको. बोललीस की घर पळालं!"

शिवणताई नकाशा नीट बघायला वाकली. तिच्या बाहीला नेहमीप्रमाणे टाचण्या टोचलेल्या होत्या. त्यातल्या दोन सैल होऊन नकाशावर पडल्या, सरपटत किल्लीपाशी गेल्या आणि चक्क उभ्या राहिल्या.

क्षणभर तिलाही तो चमत्कारच वाटला. पण सांडलेल्या टाचण्या गोळा करायला तीही रोज लोहचुंबकच फिरवायची. तिने बाहीतल्या उरलेल्या टाचण्या काढून नकाशावर टाकल्या.

"बाबा, जरा गुडघा हलवता का?"

बाबा दचकला, गुडघा हलला, आणि सगळ्या टाचण्या नकाशावरून तुरुतुरु चालायला लागल्या.

तिने टेबलावरून लोंबणारं कापड उचललं. बाबाच्या गुडघ्याला जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक इलॅस्टिकने बांधलेलं होतं.

"ते... ते माझ्या सांधेदुखीसाठी आहे!" बाबा किंचाळला.

"असेल. पण गोदामामागचं हिरवं दार कशासाठी?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

रांगेतून एक नर्स पुढे आली. "हिरवं दार? अहो, ते घर मला दिलंय! मी ताबा कधी ते विचारायला आलेय."

"तुम्हाला कसं? मला दिलंय!" रांगेतला एक बसड्रायव्हर ओरडला.

मोजता मोजता अकरा जण निघाले. घर एक, भाडेकरू अकरा, आणि सगळ्यांच्या तोंडाला मौनाचं कुलूप. चुंबक नुसतं दिखाव्याला होतं, खरी हातचलाखी त्या मौनात होती. पेटी सांभाळणारा बाबाचा मेव्हणा मागच्या जिन्याकडे सटकत होता. ड्रायव्हरने त्याची कॉलर धरली आणि पेटी तिथेच उघडायला लावली. ज्याचं त्याला मिळालं. मग पोलीस आले.

घर मात्र कुणालाच मिळालं नव्हतं. जिना उतरताना शिवणताईला रडूच आलं. नर्सने तिला पायरीवर बसवलं, विचारपूस केली आणि म्हणाली, "आमच्या दवाखान्यातल्या औषधवाल्या बाईंची बदली झालीये, त्यांचं भाड्याचं घर रिकामं होतंय. आमच्या मोठ्या कुटुंबाला ते पुरणार नाही; छोटं आहे, स्वयंपाकघरात दोघी मावणार नाहीत. बघता का?"

दुसऱ्या दिवशी शिवणताईने ते भर उजेडात बघितलं. नळ सोडून पाहिला, भिंतीची ओल हाताने चाचपली, मालकिणीशी तासभर घासाघीस केली आणि करारावर सही केल्यावरच भाडं दिलं. पहिल्या तारखेला आई नव्या घरात पोटभर जेवली.

मंडळी, घर परवडत नाही हे दुःख खरं आहे, म्हणूनच त्यावरचा खोटा इलाज हातोहात खपतो. तेव्हा कुणी चमत्कार दाखवून "गप्प राहा" म्हणालं, तर पहिला प्रश्न तिथेच विचारा, आणि तोही शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.