रतनबाईनं तपासलेला रस्ता

रंगनाथ एकतीस वर्षं नगर शहरात टपाल वाटत हिंडला. १९७१ साली तो निवृत्त झाला तेव्हा गुडघे गेले होते, पण शहरातला बोळ न् बोळ पायांना पाठ होता. परगावचे लोक माळीवाडा वेशीपाशी त्याला विचारायचे, "इथं बघण्यासारखं काय आहे?" बरोबर जाणं आता जमत नव्हतं. मग त्यानं एक कागद लिहिला. वेशीतून निघून कापडबाजार, दिल्ली दरवाजा आणि शेवटी सीना नदीकाठचा बागरोजा. कुठं किती पावलं, कुठं वळायचं, काय पाहायचं. कागद हातात घेऊन कुणीही एकट्यानं नगर बघावं. ओळखीचा छापखानेवाला बन्सी तो छापायला तयार होता.

"आधी रस्ता माहीत नसलेल्या कुणीतरी चालून बघायला पाहिजे," रंगनाथ म्हणाला.

"मी जाते," त्याची बायको रतनबाई म्हणाली.

त्याला हसू आलं. ती कर्जतकडची. लग्न होऊन सव्वीस वर्षं नगरात, पण घर, भाजीबाजार आणि गणपतीचं देऊळ यांपलीकडे गेलेली नव्हती. वाचायला तर मागच्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात शिकली.

"जमेल वाचायला?"

"न्हाई जमलं तर कागद परत आनून दीन."

"कुणाला विचारायचं मात्र नाही. विचारलंस की कागद नापास."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेशीतून निघाली. कापडबाजारातून पुढं कागदात होतं, 'चारशे पावलं सरळ, मग डावीकडे.' तिनं चारशे मोजली, डावीकडे वळली आणि एका रंगाऱ्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दोरीवर ओली लुगडी वाळत होती. रंगाऱ्याची बायको म्हणाली, "कुठं जायचंय, बाई?"

विचारलं असतं तर क्षणात सुटलं असतं. रतनबाई म्हणाली, "कुठं न्हाई. चुकले." आणि परत फिरली. चालता चालता तिच्या ध्यानात आलं: चारशे पावलं नवऱ्याची, टपालवाल्याच्या लांब ढांगांची. तिची ढांग नऊवारीतली.

ती थेट वेशीपर्यंत मागं आली. एका दुकानातून पेन्सिल मागून घेतली आणि नव्यानं निघाली. आता पावलं मोजायची नाहीत. पिठाची गिरणी दिसली, तिनं कागदावर लिहिलं. पुढं वाकडा कडुनिंब, निळ्या दाराचं औषधाचं दुकान. अक्षरं मोठी, वेडीवाकडी, पण तिची. चुकत, मागं येत, सुधारत ती दिल्ली दरवाज्याबाहेर पडली आणि उन्हं चढल्यावर नदीकडं पोचली.

बागरोजात काळ्या दगडाचा घुमट उभा होता. राखणदार अलीम पुढं झाला. "या आपा, दाखवतो."

"थांबा भाऊ, मी वाचते." आणि तिनं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "ही अहमद निजामशहाची कबर. यानंच हे शहर वसवलं. बाहेरच्या चौथऱ्याखाली त्याच्या वंशजांच्या लढाऊ हत्तीची कबर आहे, असं म्हणतात."

अलीम म्हणाला, "बरोबर. पण इथं कागद वाचत आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली."

रतनबाईनं दगडावर तळवा टेकला. सव्वीस वर्षं हे सगळं तिच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

दुपारी ती परतली तेव्हा रंगनाथ काठी टेकत वेशीपर्यंत आला होता. "केवढा उशीर! सापडलं का?"

"सापडलं. पर कागद नापास हाय."

"कुणाला विचारलंस?"

"एकालाबी न्हाई. तुमची पावलं दुसऱ्याच्या कामाची न्हाईत. कुनी लहान, कुनी म्हातारं. झाड, दुकान समद्यांना सारखंच दिसतं."

रंगनाथचा चेहरा उतरला. मग त्यानं तिथंच ओट्यावर बसून तिच्या पेन्सिलीच्या खुणा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. दोनदा वाचल्या. "निळं दार," तो पुटपुटला. "एवढी वर्षं तिथं पत्रं टाकली, दाराचा रंग कधी बघितला नाही."

पावलांचे सगळे आकडे त्यानं स्वतः खोडले.

आठवड्यानं दोघं छापखान्यात गेली. बन्सीनं कच्चा छाप पुढं केला. तळाशी होतं: 'लेखन रंगनाथ, रस्ता-तपासणी रतनबाइ.' तिनं ते सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"बन्सीभाऊ, बाईतली ई दीर्घ असती."

बन्सीनं चष्मा लावून पाहिलं आणि कानाची पाळी धरली.

"वर्गात पहिली आली होती," रंगनाथ म्हणाला. आवाज इतका मोठा होता की आतला छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूसही मान वर करून बघू लागला.