खालची अक्षरं

ताटापुढं मोबाइल उभा करायचा, त्याला पाण्याच्या गडव्याचा टेका द्यायचा आणि मग जेवायला बसायचं, ही रीत कांताबाईनं उभ्या हयातीत पाहिली नव्हती. आणि पाहायला मिळाली ती नेमकी स्वतःच्या घरात. भाजीत मीठ आहे की नाही हे मैत्रेयीला ठाऊक नसे. भाकर संपली तरी हात रिकाम्या ताटात फिरत राही. रडू आलं की नाक पदराला, आणि पदर आजीचा.

"त्या डब्यातले पोट्टे तुले रांधून घालते का वं?" कांताबाई म्हणायची. "मंग त्याइच्याकडंच जाय जेवाले. इथं कायले येते?"

नात राळेगावला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मुलगा आणि सून दिवस उगवताच वावरात जात, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी घरात या दोघीच. एकीच्या हातात मोबाइल, दुसरीच्या तोंडात शब्द.

पहिली बातमी आणली शेजारच्या लालीबाईनं. नळावर चार बाया असताना ती म्हणाली, "कांताबाई, तुमची मैत्रेयी दोन पोट्ट्याइचं लफडं पायते म्हनते मोबाइलवर. पोट्ट्यावर पोट्टा मरते त्यात."

कांताबाईनं पाण्याचा गुंड उचलून कमरेवर घेतला. "कोनाचं मन कोनावर जाईन, ते गावाले इचारून जाते का? तुह्या नवऱ्याचं गेलतं तवा त्यानं इचारलं होतं तुले?"

नळावर असं बोलली खरी. पण घरी आल्यावर गुंड आदळला. "कुठली हाय ते सिरीयल?"

"थायलंडची, आजी."

इथं कांताबाईचा आवाज खाली आला. विहारातली सोनेरी बुद्धमूर्ती थायलंडच्या उपासकांनी दिलेली होती. नागपूरहून ती टेम्पोत आली, तेव्हा पहिलं फूल कांताबाईनं वाहिलं होतं, आणि पाच वर्षं झाली, मूर्ती पुसायचं फडकं तिनं दुसऱ्या बाईच्या हातात दिलं नव्हतं. ज्या देशानं असा बुद्ध धाडला, तिथले पोट्टे वाईट कसे असतील? ती नातीला टेकून बसली. "लाव मंग. पाहू दे."

आणि पहिल्याच भागात तो पोरगा भल्या सकाळी रस्त्यावर गुडघे टेकून भंतेच्या भिक्षापात्रात भात वाढताना दिसला. कांताबाईनं बसल्या जागी हात जोडले.

पोरांची नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं आपलीच ठेवली. एक लंबू, एक बारक्या. ते बोलत थाई, आणि चित्राखाली इंग्रजीत अक्षरं पळत. कांताबाईला आपल्या नावाची अक्षरं काढता येत, त्यापलीकडं सगळी मुंग्यांची रांग. मैत्रेयी वाचायची आणि वऱ्हाडीत सांगायची. अशी झरझर सांगायची, की बारक्या जणू राळेगावच्या स्टँडवर उभा राहून बोलतोय. कांताबाईची छाती फुगायची. याच वाचण्यावर तर ती महिला मंडळात भांडली होती. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे. लालीबाईनं वाचायला आपली सून बबिता पुढं केली होती. कांताबाई भर बैठकीत म्हणाली, "बबिता एका ओळीवर तीनदा ठेचकाळते. माह्या नातीचं वाचनं आयका, मंग बोला." मंडळानं मैत्रेयीला नेमलं. लालीबाई आठ दिवस बोलली नाही, ते कांताबाईला साखरेसारखं लागलं.

आषाढी पौर्णिमेच्या दुपारी सातवा भाग लागला. पांढरं लुगडं दोरीवर वाळत होतं. विहारात पहिल्या वाचनाला जायला दोन तास होते.

लंबूनं बारक्याला पेला दिला. बारक्या प्यायला, आणि थोड्या वेळानं त्याचे पाय लटपटले. लंबूनं त्याला खोलीत नेलं. दार लावलं.

"काय म्हनते?" कांताबाईनं विचारलं.

मैत्रेयीची नजर खालच्या अक्षरांवरून सरकली. "बारक्याले ताप आला, आजी. लंबू म्हणते, आराम कर, मी आहो इथं."

बारक्याचा हात वर आला. लंबूच्या छातीला लागला. ढकलत होता. जोर नव्हता हातात, तरी ढकलत होता.

"ताप आलेला मानूस सेवा करनाऱ्याले ढकलते काय?"

"तापात बरळून राह्यला तो." मैत्रेयीनं काचेवर बोट मारलं. चित्र टुणकन पुढं गेलं. सकाळ झाली होती, पाखरं ओरडत होती.

"मागं घे."

"आजी, काही नाही त्यात..."

"मागं घे म्हनलं ना! अक्षर नाही येत मले, हात वाचता येते. आता खरं वाच."

मैत्रेयीनं मागं घेतलं. तिचा आवाज झरझर नव्हता. "बारक्या म्हणते, सोड मला. नको. लंबू म्हणते, तुझं तोंड नाही म्हणते, पण मन हो म्हणते."

कांताबाई भिंतीला टेकली.

तिची धाकटी बहीण हंसा मैत्रेयीएवढीच होती, तेव्हा मुकादमानं तिला कापसाच्या गंजीआड धरलं होतं. तो परका नव्हता, समाजातलाच. कांताबाई तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. लिहिणाऱ्यानं लिहिलं, मग वाचून दाखवलं : मुलगी ओरडली, मुलगी नको म्हणत होती. बरोबर, म्हणाली कांताबाई, आणि अंगठा दिला. पंधरा दिवसांनी समाजाच्या बैठकीत शाळेच्या गुरुजींनी तो कागद वाचला. त्यात 'मुलगी राजीखुशीनं गेली' असं लिहिलेलं होतं. पंच म्हणाले, दोघं राजी आहेत तर लग्न लावा. मुकादम भर मांडवात कांताबाईच्या पाया पडून रडला. बाया म्हणाल्या, पाहा कसा बदलला. हंसा बावीस वर्षं त्याच्या घरात राहिली आणि त्याच घरात वारली. कांताबाई हट्टानं सही शिकली, पण तोवर उशीर झाला होता. म्हणूनच तिनं नातीला शिकवलं. घरात वाचणारं माणूस असलं म्हणजे पुन्हा कोणी फसवणार नाही.

हे सगळं मैत्रेयीला ठाऊक होतं. शंभरदा ऐकलेलं होतं.

"तो पुढं लई बदलते, आजी," मैत्रेयी घाईनं म्हणाली. "अकराव्या भागात पाया पडून रडते. बारक्या माफ करते त्याले. मंग दोघं संगंच राहते."

"रडते. अन् बारक्या त्याच्याच घरी राहते."

"सगळीच सिरीयल तशी नाही ना! बारक्याची माय कशी समजून घेते, तू पाह्यलं. तू रडलीस तिथं! दोन पोट्ट्यांचं प्रेम इतकं साजरं कोण दाखवते? आपल्याकडं तर हसण्यावारी नेते. एवढा एकच तुकडा खराब हाय. तो गाळून पाहिलं तर..."

"दोघं पोट्टे हायेत, त्याचं मले काही नाही. दहा पोट्टे असू दे." कांताबाईचा आवाज चढला नव्हता, आणि मैत्रेयी त्यालाच जास्त भ्याली. "तो तुकडा तुले गाळता येते. बारक्यानं कसा गाळाचा?"

"तुले त्रास होईन म्हणून मी तसं वाचलं. हंसाआजीची आठवन येईन म्हणून."

"खोटं. सिरीयल तुले आवडली, अन् मीही चांगली म्हनावं, म्हनून वाचलं. त्या ठान्यातल्यानंही माह्या भल्यासाठीच वाचलं असन."

विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली. मैत्रेयी उठली, तोंड धुतलं, पांढरी साडी नेसली, केस बांधले. कांताबाईनंही लुगडं बदललं. दोघी दाराशी आल्या. गल्लीतून लालीबाई आणि बबिता विहाराकडं निघाल्या होत्या. लालीबाईनं मुद्दाम थांबून पाहिलं.

"आजी," मैत्रेयी हळूच म्हणाली, "मंग ते सिरीयल पाहू नको काय मी?"

कांताबाईनं लालीबाईकडं पाहिलं, मग नातीकडं, आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाली, "तुह्या डोयाइले मी टाके घालत नाही. पाहाची तर पाहा. पन मले इचारशीन, तर ते पाहन्याजोगी नाही. नको म्हननाऱ्याच्या तोंडात हो घालते, अन् वरून त्याले प्रेम म्हनते. तूही तेच केलं. आज ग्रंथाले हात लावाचा नाही. बबिता वाचीन. ठेचकाळते पोरगी, पन लिहिलं तेच वाचते."