फुकटच्या कोटाची टोपी

ताईंना या व्यवहारातून काय मिळणार होतं, ते आधी सांगितलेलं बरं. पैसा एकही नाही. मिळाले ते जोडलेले हात चारशे सहा, गुलाबाची फुलं एकसष्ट आणि ‘ताई, तुमच्यासारख्या तुम्हीच’ अशा अर्थाची वाक्यं दीडशेच्या आसपास. ही कमाई त्यांनी एका मंगळवारी दुपारी, समोरचा चहा निवायच्या आत केली. फोनवर तीनदा बोट टेकवलं आणि वहिनीच्या आठ महिन्यांच्या कामाची फाइल चार हजार दोनशे बायकांच्या ग्रुपवर टाकली. मग चहा प्यायल्या. साखर थोडी कमी होती, एवढीच त्या दिवसाची तक्रार.

ताई म्हणजे वहिनीची थोरली नणंद. घराच्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवायच्या आणि फोनवर हा ग्रुप. ग्रुपवरचं नाव ‘दानशूर ताई’. शिवणकामाचं पुस्तक असो, कुणी आखलेलं पेपर कटिंग, म्हणजे कपड्याचा कागदी नमुना असो, फाइल हाती लागली की ताई वाटून मोकळ्या. पदरचं दोऱ्याचं एक रीळ त्यांनी कुणाला दिल्याचं मात्र ऐकिवात नाही. दुसऱ्याची वस्तू दान करताना हात सैल सुटतो, तसं हे.

वहिनी तयार कपड्यांच्या एका दुकानात, मागच्या बाजूला, अल्टरेशनच्या टेबलावर बसायची. कंबर आत घे, बाही आखूड कर, चेन बदल. बारा वर्षं ती दुसऱ्यांनी केलेल्या चुका उसवत होती. सगळं दुकान तिला वहिनीच म्हणे. घरी आल्यावर जेवणाचं टेबल पुसून ती त्यावर खाकी कागद पसरायची, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवायची आणि लहान मुलांचा टोपीवाला कोट आखायची. दोन वर्षांच्या पोरापासून दहा वर्षांच्या पोरापर्यंत, पाच मापं. तिच्या मुलीने त्या आठ महिन्यांत इतके अर्धवट कोट घालून पाहिले, की कुणी मोजपट्टी घेऊन दिसलं तरी पोरगी आपोआप हात वर करायची.

कोट जमला, तर एक मोठी गोष्ट होणार होती. शिवणकामाची पुस्तकं छापणारे एक प्रकाशक तिला म्हणाले होते, “बाई, या एका कटिंगच्या तीन महिन्यांत पाचशे प्रती विकून दाखवा. मग तुमच्या दहा नमुन्यांचं पुस्तक मी छापतो. वर तुमचं नाव.” पुस्तक निघालं की अल्टरेशनचं टेबल सोडायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

या धंद्याची एक रीत आहे. नमुना विकायला काढायच्या आधी त्याची चाचणीची प्रत पाच-सहा जाणत्या हातांना द्यायची. त्यांनी ती शिवून पाहायची आणि खोट काढायची. वहिनीने सहा प्रती दिल्या. पाच जणींनी आठवड्यात कळवलं, की टोपीची खालची कड गळ्यापेक्षा दोन बोटं कमी भरते. वहिनीने ती दुरुस्त केली. सहावी प्रत ताईंना दिली होती. ताईंनी “सुरेख झालंय गं” असं कळवलं. शिवून पाहिलं नव्हतंच.

दुरुस्त कटिंग विकायला निघालं. किंमत कोटाला लावायच्या एका बऱ्यापैकी चेनएवढी. पहिल्या तीन दिवसांत सत्त्याण्णव प्रती गेल्या. चौथा दिवस तो मंगळवार. पुढच्या तीन आठवड्यांत मिळून गेल्या पंधरा.

विक्री थांबली आणि तक्रारी सुरू झाल्या. ‘टोपी बसत नाही.’ ‘कापड वाया गेलं.’ ‘माप येत नसेल तर बाईंनी हा उद्योग करू नये.’ वहिनीने प्रत्येकीचं नाव खरेदीच्या यादीत शोधलं. एकही सापडेना. शेवटी तिने एकीला फोन लावला.

“तुमचा खरेदी क्रमांक सांगता का?”

“खरेदी कसली? दानशूर ताईंनी वाटलं की,” पलीकडची बाई म्हणाली. आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. “ते जाऊ दे हो. टोपीचं काय ते सांगा. माझं लोकरीचं कापड आहे, महागातलं.”

वहिनीने फोन ठेवला. लोकरीचं कापड महागातलं घेतलं, अस्तर घेतलं, बटणं घेतली. फुकट हवं होतं ते फक्त डोकं.

दुसऱ्या दिवशी ती ताईंकडे गेली. पुढच्या खोलीत सहा मशीनं, सहा मुली आणि भिंतीवर पाटी: ‘फी आगाऊ भरावी. एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’ ताईंची कापायची कात्री नाडीने टेबलाच्या पायाला बांधलेली होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

“ताई, माझी चाचणीची प्रत तुम्ही ग्रुपवर टाकलीत?”

“टाकली. अगं, काय कौतुक झालं तुझं! मी सांगितलं सगळ्यांना, माझ्या भावाची बायको आहे म्हणून.”

“ती विकायची वस्तू होती.”

“कागद तर आहे. मी काय तुझं कापड उचललं? आणि विद्या वाटल्याने वाढते.”

“मग वर्गाची फी कशाला घेता?”

“तिथे माझी मेहनत असते,” ताई म्हणाल्या आणि एका मुलीकडे वळल्या. “ए, टाका सैल पडतोय तुझा.”

स्वतः काय बोललो ते माणसाला ऐकू येत नाही, ही निसर्गाची मोठी सोय आहे. सहापैकी दोन मुलींना ऐकू आलं. त्यांनी माना खाली घालून मशीन जोरात चालवली.

प्रकाशकांनी तीन महिने होण्याची वाट पाहिली नाही. “बाई, राग मानू नका,” ते फोनवर म्हणाले. “फुकट फिरणारी वस्तू मी छापून कुणाला विकू? आणि तुमची टोपी बसत नाही म्हणतात.”

“ती माझी दुरुस्त प्रत नव्हे. चाचणीची आहे.”

“असेल. पण ते किती जणींना सांगत बसणार?”

त्या रविवारी ताई स्वतःहून आल्या. तोडगा घेऊन आल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी भाऊ बसला होता, त्याच्या शेजारी बसत वहिनीला म्हणाल्या, “हे बघ, तो टोपीचा दुरुस्त तुकडा मला दे. मी ग्रुपवर टाकते. बायका गप्प होतील, तुझ्या नावाला लागलेला बट्टा जाईल. जरा मन मोठं कर.”

“म्हणजे आधी चोरीला गेलं ते अर्धं होतं,” वहिनी म्हणाली, “आता उरलेलं मी आणून द्यायचं.”

“चोरी? मला चोर म्हणतेस? ऐकलंस रे?”

नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. वाद झाला की मुख्य कॉक बंद करायचा, एवढंच त्याला माहीत. “अगं, देऊन टाक ना,” तो म्हणाला. “घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? एका तुकड्याचा तर प्रश्न आहे.”

“अहो, मग उद्या ताईंच्या गल्लीतले सगळे नळ फुकट बसवून या. पाणी तर सगळ्यांचंच असतं.”

नवऱ्याला आपले पान्हे आठवले. त्याचे स्वतःचे दोन पान्हे मागच्या वर्षी शेजाऱ्याने ‘जरा वापरतो’ म्हणून नेले होते. ते अजून आले नव्हते आणि त्याचं दुःख त्याने घरात महिनाभर गायलं होतं.

“तुकडा मिळणार नाही, ताई,” वहिनी म्हणाली. “ज्यांना हवा त्यांनी विकत घ्यावा. आणि ती फाइल तुम्ही आज काढली नाहीत, तर मी उद्या तक्रार करीन.”

“घरच्या माणसाविरुद्ध?”

“प्रत घरच्या माणसाला म्हणूनच दिली होती.”

ताई चहा न घेता गेल्या. फाइल त्यांनी काढली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीने ग्रुप चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. अर्ज लांबलचक होता. नवरा शेजारी खुर्ची ओढून बसला आणि एकेक प्रश्न वाचून दाखवू लागला. मूळ काम तुमचंच असल्याचा पुरावा? वहिनीने आठ महिन्यांच्या खाकी कागदांचे फोटो जोडले, खाडाखोडीसकट. उल्लंघन करणारी व्यक्ती ओळखीची आहे का? नवरा थांबला. डोकं खाजवलं. मग म्हणाला, “लिही. आहे.”

बारा दिवसांनी फाइल हटली. तोवर ती आणखी अकरा ग्रुपांवर पोहोचली होती. तिथे टाकणाऱ्याही दानशूरच होत्या. वहिनीने त्या अकरांविरुद्धही अर्ज केले. रोज रात्रीची भांडी झाली की एक. जो कोट आखण्यात आठ महिने गेले, त्याची राखण करण्यात किती जातील, याचा अंदाज तिने करायचा सोडून दिला. दुसरा नमुना टेबलावर अर्धा आखलेला होता. त्यावरचे डाळीचे डबे तिने स्वयंपाकघरात परत नेले.

महिन्याभराने दुकानात एक बाई आली. पिशवीतून तिने पोराचा कोट काढला. निळी लोकर, पिवळं अस्तर, शिवण सुबक. फक्त टोपी गळ्याशी ओढली जात होती आणि पोराची मान मागे जात होती.

“बघा ना, कुणी हे कटिंग काढलं कोण जाणे. होईल काही?”

“होईल,” वहिनी म्हणाली.

तिने शिवण उसवली. दोन बोटं रुंदीची पट्टी कापली, जोडली, दाबली. अर्धा तास लागला. टोपी पोराच्या डोक्यावर पानासारखी अलगद बसली. बाई हरखली.

“काय हात आहे हो तुमचा! तुम्ही स्वतःचे नमुने का नाही काढत?”

वहिनीने कोटाची घडी घातली. “हा माझाच आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडे आली ती चाचणीची प्रत. दुरुस्त विकत मिळते. एका चेनच्या किमतीत.”

बाईने कोटाकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, मग पोराचा हात धरून गल्ल्याशी गेली. तिथे घासाघीस न करता तिने दुरुस्तीचे पैसे मोजले. नमुन्याच्या किमतीच्या तिप्पट होते. ते दुकानाच्या मालकाने घेतले. वहिनीला त्या दिवसाचा रोजचाच पगार मिळाला.

तेव्हा अखेरची बेरीज अशी: बायकांनी कापडाचे पैसे भरले, अस्तराचे भरले, बटणांचे भरले आणि शेवटी चूक दुरुस्त करून घेण्याचेही भरले. ताईंचे जोडलेले हात त्यांच्याकडेच राहिले, ते कुणी परत मागितले नाहीत. पुस्तक छापलं गेलं नाही. खरेदीच्या यादीत एकशे बारा नावं होती. वहिनीने घरी जाऊन यादी उघडली, रात्री झोपण्याआधी पुन्हा उघडली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधी आणखी एकदा.

एकशे बाराच होती.