कापडी पेशंट

मित्रांनो, मी एक जुना पेशंट आहे. मला कधी ताप आला नाही की खोकला झाला नाही, तरी माझं सगळं आयुष्य खाटेवर पडून गेलं. मी कापसाचा माणूस आहे. सांगलीतल्या एका नर्सिंग शाळेत मुली माझ्यावर हात बसवायच्या आणि मग तेच हात घेऊन वॉर्डातल्या खऱ्या माणसांकडे जायच्या.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. शाळेच्या मुख्य शिक्षिका लीलाबाई यांनी एका गादीवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं जन्मभर गाद्या आणि उशा शिवल्या होत्या, माणूस कधी शिवला नव्हता. गुडघा कुठं दुमडायचा हे बघायला तो सारखा स्वतःचा पाय दुमडून पाहायचा. मांजरपाटाच्या जाड कापडात त्यानं कापूस ठासून भरला आणि मला हात, पाय, पोट, पाठ दिली. माझं डोकं मिरजेच्या एका मूर्तिकारानं कागदाच्या लगद्याचं केलं. त्याचा हात गणपतीच्या मूर्तींवर बसलेला. त्यामुळे माझे डोळे चांगले मोठे, टपोरे आले. दंडात आणि कमरेखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवले, म्हणजे मुलींना सुई टोचायचा सराव करता येईल.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर माझा संसार सुरू झाला. रोज मला नवा आजार व्हायचा. सोमवारी मी अर्धांगवायू झालेला म्हातारा असायचो, मंगळवारी पाय मोडलेला गवंडी. मुली माझ्याखालची चादर मला न उठवता बदलायच्या, कापसाच्या बोळ्यानं माझं तोंड साफ करायच्या, मला कुशीवर वळवायच्या. लीलाबाईंचा एक नियम होता. पेशंटला हात लावण्याआधी आपण काय करणार आहोत ते त्याला सांगायचं. कापसाच्या माणसाशी बोलताना मुलींना हसू यायचं. "आजोबा, आता तुम्हाला सुई टोचते बरं का," असं म्हणून त्या ओढणीत तोंड लपवायच्या.

सुईतून पाणी आत गेलं की माझा कापूस ओला व्हायचा. मग मला गच्चीवर उन्हात टाकायचे. एकदा मागच्या आळीतल्या एका बाईंनी मला तिथं पालथा पडलेला पाहिला आणि ओरडून सगळी आळी गोळा केली. चार माणसं धावत वर आली. त्यांनी मला उताणं केलं, माझे डोळे पाहिले आणि हसत हसत खाली उतरली. त्या दिवसापासून आळीतली पोरं रस्त्यावरूनच माझी तब्येत विचारू लागली.

त्र्याहत्तर साली येसूबाई शाळेत आली. मेढ्याच्या वरच्या डोंगरातलं तिचं गाव. तिला पोहोचवायला सासरे आले होते. हंबीरराव त्यांचं नाव. जुना खाकी कोट, पांढऱ्या मिशा, एक पाय जरासा ओढत चालायचे. लीलाबाई त्यांना शाळा दाखवत माझ्या खोलीत घेऊन आल्या.

"ही आमची सून," हंबीरराव म्हणाले. "आमचा कृष्णात एकाहत्तरच्या लढाईत गेला. पोरगी सातवी शिकल्याली हाय. डोंगरात तिनं किती दिस गवत कापायचं?"

"घरचे सगळे तयार आहेत ना?" लीलाबाईंनी विचारलं.

"गाव न्हाई तयार. लोक म्हनत्यात, सुनंला परक्या मानसाच्या अंगाला हात लावायला धाडतोस व्हय? मी म्हनलं, बर्माच्या लढाईत माज्या पायात गोळी घुसली तवा जिनं पट्टी केली, ती बी परकीच व्हती." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन ह्यो कोन?"

"हा आमचा पेशंट."

"लय गरीब दिसतोय," असं म्हणून त्यांनी माझा हात हळूच सरळ करून ठेवला.

येसूबाई वर्गातल्या मुलींपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी होती. विळा धरून तिचे हात राठ झाले होते. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून तापमापी फुटली. सुई तर ती अशी धरायची की लीलाबाई म्हणायच्या, "येसूबाई, खुरपं नाही ते." जतकडची आक्काताई वसतिगृहात तिच्या शेजारच्या खाटेवर झोपायची. ती सगळ्या वर्गाला हसवायची, पण येसूबाईला कधी हसली नाही. बाकीच्या मुली जेवायला गेल्या की येसूबाई माझ्याकडे यायची, आणि आक्काताई दारात उभी राहून म्हणायची, "आवं येसाक्का, कापसाला भूक लागत न्हाई, तुमास्नी लागती. चला."

हळूहळू तिचा हात हलका झाला. पाण्याचा थेंब बाहेर सांडायचा नाही, चादरीला सुरकुती पडायची नाही. आणि ती माझ्याशी बोलायची ते खरंखुरं. "आवं, जरा कुशीवर व्हा. मी धरलंय, पडत न्हाई तुमी." असं म्हणून ती क्षणभर थांबायची, जणू मी हो म्हणायची वाट बघत होती. मित्रांनो, मला तोंड असूनही बोलता येत नाही याचं दुःख मला फक्त तेव्हा व्हायचं.

एके दिवशी लीलाबाई वर्गात आल्या त्या जरा गंभीर होत्या. "आजचा धडा अवघड आहे," त्या म्हणाल्या. "आपण कितीही केलं तरी काही माणसं जातात. तेव्हाही आपलं काम संपत नाही. समजा, हा पेशंट आत्ताच गेला. आता त्याची शेवटची सेवा करायची." त्यांनी माझे हातपाय सरळ केले, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. आता मला दिसत नव्हतं, पण स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि अनवाणी पावलं दाराबाहेर गेली. ती येसूबाईची होती.

पुढच्या वेळीही तिला ते जमलं नाही. या वेळी ती बाहेर गेली नाही, पण भिंतीला टेकून उभी राहिली आणि पुढे आलीच नाही. वर्ग सुटल्यावर लीलाबाईंनी तिला थांबवून घेतलं.

"वार्षिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येतात. चिठ्ठी काढायला लावतात. हीच चिठ्ठी निघाली तर?"

"बाई, बाकीचं समदं करते. येवढं सोडून."

"आणि वॉर्डात? तिथं काय म्हणशील?"

येसूबाईनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मग मी गावाकडं जाते, बाई."

लीलाबाई रागावल्या नाहीत. "पुढच्या महिन्यात बघू," एवढंच म्हणाल्या. पण येसूबाईनं आपली ट्रंक भरून ठेवल्याचं आक्काताईनं दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या खोलीत कुणीही हसलं नाही.

त्याच रविवारी हंबीरराव आले. दुपारची वेळ होती. माझ्या खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात दोघं बसली. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी आणली होती. फडकं सोडलं, पण येसूबाईनं घास उचलला नाही.

"मामंजी, मला घरी न्या."

"कुनी काय बोललं?"

"न्हाई. समदी लय चांगली हायत."

मग ती बोलू लागली. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. कृष्णात गेल्यावर घरी फक्त त्याची ट्रंक आली होती. त्याला तिकडेच, सरहद्दीवर अग्नी दिला होता. "गड्यामानसागत मला रडूसुदिक आलं न्हाई. ट्रंकंकडं बघून रडायचं कसं? मला येकच वाटतं, मामंजी. त्यांचं तोंड कुनी पुसलं आसंल? डोळं कुनी झाकलं आसंल? का तसंच उचलून..."

मला वाटलं, हंबीरराव आता तिची समजूत काढायला काहीतरी गोड बोलतील.

"मला ठावं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मी तितं नव्हतो. पर बर्मात माज्या शेजारी धोंडिराम म्हनून गडी व्हता, तो पडला. मी आन दुसऱ्या येका गड्यानं बाटलीतल्या पान्यानं तेचं तोंड धुतलं. प्यायला पानी नव्हतं तवा. माती काडली, केसं सारखी केली. मग दिला मातीत. तेच्या घरच्यास्नी कोन सांगनार? ती बी आजून तुज्यावानीच इचार करीत आसतील." मग ते म्हणाले, "कृष्णाताच्या शेजारी बी कोन तरी आसंलच की गं."

येसूबाई रडली. हंबीररावांनी तिला रडू दिलं. मग ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मामंजी, आत या. मला कोनी तरी घमेलं धरायला पायजे."

मित्रांनो, त्या दुपारी मी कोण होतो हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला कळलं. तिनं कोमट पाणी आणलं. हंबीरराव खाटेच्या पायथ्याशी घमेलं धरून ताठ उभे राहिले, जसे पलटणीत उभे राहत असतील. "आवं, तोंड पुसते," ती म्हणाली. कपाळ, गाल, कानामागचं, मान, सगळं तिनं सावकाश पुसलं. माझ्या बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवलं. "आता कुशीवर घेते. मामंजी, तकडनं धरा." म्हाताऱ्या हातांनी मला पाठीमागून आधार दिला. तिनं माझ्या रंगवलेल्या केसांवरून कंगवा फिरवला. अगदी शेवटी डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि तळहात तसाच ठेवून उभी राहिली.

दारात लीलाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मानेखाली घडी घालून टॉवेल ठेवायचा राहिला, येसूबाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"ठेवते, बाई."

लीलाबाई आल्या तशा निघून गेल्या. येसूबाईची ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली.

परीक्षेत येसूबाईला चिठ्ठी निघाली ती गरम पाण्याच्या पिशवीची! पिशवीतली हवा काढायची, बूच घट्ट लावायचं, फडक्यात गुंडाळायची. आक्काताई नंतर माझ्या खाटेच्या कडेवर बसून पोट धरून हसली. येसूबाईही हसली.

पण खरी परीक्षा त्यानंतर झाली. वॉर्डात विषमज्वराचा एक तरुण पेशंट आला. यल्लाप्पा नाव, ट्रकवर काम करायचा. ताप डोक्यात गेल्यामुळे तो नुसता कानडीत बरळायचा, त्याला गावाचं नाव सांगता येईना. त्याच्या माणसांचा पत्ता लागेपर्यंत तो गेला. उन्हाळ्याचे दिवस, देह ठेवता येण्यासारखा नव्हता. दवाखान्यानंच त्याचे अंत्यसंस्कार केले.

काही दिवसांनी जतच्या पलीकडच्या एका वस्तीवरून त्याची आई आली. बयाबाई. वॉर्डात गर्दी होती म्हणून येसूबाई तिला माझ्या खोलीत घेऊन आली आणि स्टुलावर बसवलं. बयाबाई रडत नव्हती. कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होती. येसूबाईनं ते डोळे लगेच ओळखले असणार.

"मावशी, मी व्हते तेच्यापाशी," ती म्हणाली.

बयाबाईनं मान वळवली. "पानी पाजलंस?"

"व्हय. चमच्यानं पाजलं. दोन घोट गिळलं."

"माजी आठवन काडली?"

"मला कानडी येत न्हाई, मावशी. पर अव्वा, अव्वा म्हनत व्हता. अव्वा म्हंजी आई, तेवढं कळलं."

येसूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. "तोंड कोमट पान्यानं पुसलं. पायाला डांबर व्हतं, ते गोडं तेल लावून काडलं. केसं इंचरली. डोळं मी झाकलं. पांढरी चादर घातली, नवी. येकला नव्हता तो."

"ह्याच हातानं?"

"ह्याच."

बयाबाईनं तिचे दोन्ही हात ओढून घेतले, स्वतःच्या गालांवर दाबून धरले, आणि मग ती मोकळेपणानं रडली. येसूबाईनं हात सोडवून घेतले नाहीत.

पुढे येसूबाई तिच्याच गावाजवळ, जावळीतल्या एका आरोग्य केंद्रावर नेमली गेली. आक्काताई तिकडे जाऊन आली तेव्हा म्हणाली, "येसाक्का घाट चडून बाळंतिनींकडं जातीया, आन गावातली नावं ठेवनारी तीच मानसं आता तिला घरी न्यायला येत्यात." मला ऐकून फार बरं वाटलं.

आता एकोणऐंशी साल आहे. मुंबईहून शाळेत रबरी बाहुली आली आहे. तिचे डोळे मिटतात, तिच्या छातीत हवा भरता येते. माझी खाट तिला दिली आणि मला सामानाच्या खोलीत ठेवलं. उंदरांनी माझा एक पाय कुरतडला आहे, दंडाचं रबर तडकलं आहे. माझी तक्रार नाही. इतक्या मुलींचे हात माझ्यावर बसले, एवढं पुष्कळ झालं.

पण एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं, तर दारातून डोकावून परत जाऊ नका. जवळ बसा. त्याची उशी नीट करा, ओठ कोरडे दिसले तर घोटभर पाणी द्या, आणि हे सगळं हलक्या हातानं करा. मुली माझ्यावर हजारदा चुकल्या, पण मला काही दुखलं नाही, मित्रांनो. तुमच्या घरात खाटेवर असलेलं माणूस कापसाचं नाही.